रिपोर्टमध्ये 'जंतू आहे, विष नाही' आलंय. म्हणजे नक्की काय?

रानजाई
बाबांना (वय ७४) न्यूमोनिया झाला म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. आठ दिवस शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं. छाती सुधारली, घरी आणलं, आणि चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले. दिवसातून आठ-नऊ वेळा, अगदी पाण्यासारखे, पोटात कळ आणि अंगात कसकस. दोन दिवस आम्ही 'औषधांची उष्णता असेल' म्हणून काढले. तिसऱ्या दिवशी ते बाथरूममधून उठेनात तेव्हा पुन्हा दाखल केलं.

शौचाच्या तपासणीचा रिपोर्ट आज संध्याकाळी हातात आला. त्यात लिहिलंय: क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, जीडीएच अँटिजेन पॉझिटिव्ह, टॉक्सिन ए/बी निगेटिव्ह. खाली 'पीसीआरने खात्री करावी' अशी ओळ. डॉक्टर उद्या सकाळी भेटणार. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "जंतू आहे, पण विष नाही, म्हणजे चांगलंच आहे की." मग जुलाब कशाने होताहेत? घरी भावाचं पाच महिन्यांचं बाळ आहे, त्याचीही धास्ती वाटतेय. कुणाला माहिती असेल तर सांगा. रात्रभर झोप लागणार नाहीये, एवढं नक्की.

बोका_पंडित
रानजाई, काळजी घ्या. या विषयावर बोलायची माझी पात्रता नाही, पण सूक्ष्माताई इथे असतात. हाक मारून ठेवतो. सूक्ष्माताईऽऽ

दवबिंदू
माझ्या सासूबाईंना हेच झालं होतं. नाव सेम, रिपोर्ट मात्र थेट पॉझिटिव्ह होता. बऱ्या झाल्या, तेव्हा धीर सोडू नका. एकच सांगते, जुलाब थांबवायची गोळी (लोपेरामाइड वगैरे) घरातल्या डब्यातून काढून देऊ नका. आम्ही दिली होती आणि डॉक्टर जाम भडकले होते.

सूक्ष्मा
हाक ऐकली. बावीस वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काढलीत, पण मी उपचार करणारी डॉक्टर नाही. रिपोर्ट कसा वाचायचा एवढं सांगते, निर्णय उद्या डॉक्टरांचा.

जीडीएच हे एक एन्झाइम आहे. सी. डिफ (लॅबमध्ये आम्ही एवढंच म्हणतो) जातीचा प्रत्येक जंतू ते बनवतो, मग तो विष बनवणारा असो वा नसो. त्यामुळे जीडीएच पॉझिटिव्हचा अर्थ फक्त 'या जातीचं कुणीतरी आतड्यात आहे' इतकाच. दुसरी तपासणी प्रत्यक्ष विष शोधते. ते निगेटिव्ह येण्याला दोन कारणं असू शकतात. एक, हा वाणच विष न बनवणारा आहे आणि जुलाबाचं कारण दुसरंच काही आहे. दोन, विष आहे, पण त्या कार्डासारख्या किटच्या पकडीत येण्याइतकं नाही. ही किट तशी मोघम असते, तिच्या हातून बरेच खरे रुग्ण निसटतात. शिवाय नमुना तासन्‌तास बाहेर पडून राहिला तर विषाचं विघटन होतं. नमुना किती वेळाने लॅबला पोचला, हे विचारा.

म्हणून पीसीआर. ती विष शोधत नाही, विष बनवायची पाककृती शोधते, म्हणजे जनुक. पण पीसीआर पॉझिटिव्ह आली तरी 'पाककृती घरात आहे' इतकंच कळतं, चूल पेटलीय की नाही ते कळत नाही. ते रुग्णाकडे बघून ठरवायचं. आठ-नऊ पातळ जुलाब, ताप, नुकतंच झालेलं अँटिबायोटिक आणि ७४ वय, हे सगळं एकत्र असताना "चांगलंच आहे की" असं मी तरी म्हणणार नाही.

काउंटरवरच्या मुलीला दोष देत नाही. रिपोर्ट लिहितो आम्ही, आणि कुणाला कळेल असा लिहायची तसदी घेत नाही.

रानजाई
ताई, खूप खूप आभार. नमुना सकाळी सातला दिला होता आणि लॅबचा माणूस दुपारी घेऊन गेला. हे मुद्दाम लिहून ठेवते.

शंकेखोर
मूळ मुद्दाच पटत नाही. एकाच जातीचे जंतू, काही विषारी आणि काही बिनविषारी, असं कसं? नाग म्हटला की विषारी, धामण म्हटली की बिनविषारी. जंतूंचं असं काय वेगळं?

सूक्ष्मा
शंकेखोर, प्रश्न आवडला. सापाची उपमा बरोबर इथेच अडते. नागाचं विष त्याच्या वंशात असतं, पिढ्यान्‌पिढ्या. जंतूंचं विष बऱ्याचदा उसनं असतं. ज्या जनुकांवरून ते बनतं, ती जनुकं दुसऱ्या कुणीतरी आणून टाकलेली असतात आणि ती एका वाणात असतात, शेजारच्या वाणात नसतात. दोघांचं नाव एकच.

पटकीचंच बघा. व्हिब्रिओ कॉलरी या जंतूचे दोनशेहून जास्त सेरोगट (बाहेरच्या आवरणावरून पाडलेले गट) आहेत आणि त्यातले बहुतेक खाऱ्या-मचूळ पाण्यात आपापलं जगत असतात. साथी आणल्या त्या दोनच गटांनी, ओ१ आणि ओ१३९. त्यातही ज्यांच्याकडे कॉलरा टॉक्सिनचं जनुक आहे त्यांनीच. हे जनुक आलं कुठून? १९९६ मध्ये वाल्डोर आणि मेकालानोस यांनी दाखवलं की ते एका विषाणूचं आहे. जंतूंना ग्रासणारा विषाणू, म्हणजे फाज. तो व्हिब्रिओत शिरतो, त्याच्या गुणसूत्रात बिऱ्हाड करतो आणि येताना विषाची जनुकं घेऊन येतो. म्हणजे एका निरुपद्रवी जंतूला एक विषाणू लागतो आणि त्याचे भोग माणूस भोगतो.

सी. डिफचं थोडं निराळं आहे. विषाची जनुकं तिथे गुणसूत्राच्या एका तुकड्यावर एकत्र बसलेली असतात. बिनविषारी वाणात तो तुकडाच नसतो. पण प्रयोगशाळेत विषारी वाणाकडून बिनविषारी वाणाकडे तो सरकलेला पाहिलाय. तेव्हा धामणीचा नाग होऊ शकतो, असं समजा.

शंकेखोर
😮 हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. माघार.

इतिहासवेडा
पटकीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. धागाकर्तीने माफ करावं, झोप येत नसेल तर वाचायला काहीतरी होईल.

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जंतू वेगळा केला आणि हा विषाचा खेळ असावा असा अंदाजही केला. पण पुढची पंचाहत्तर वर्षं ते विष कुणाला सापडेना. कारण शोधणारे प्राण्यांच्या शिरेत किंवा पोटाच्या पोकळीत जंतू टोचत आणि रक्तात विष शोधत बसत. शंभूनाथ डे या कोलकात्याच्याच पॅथॉलॉजिस्टने साधा प्रश्न विचारला: रोग आतड्याचा, मग आतड्याच्या आत का बघू नये? सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधून त्यात त्यांनी जंतू सोडले. तो भाग पाण्याने फुगला. पुढे १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढलेला नुसता द्रव वापरला, तरी तेच झालं. जंतू नाहीत, तरी पाणी सुटतंय, म्हणजे विष आहे आणि ते बाहेर सोडलं जातंय.

आता गंमत ऐका. त्याच १९५९ मध्ये मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांचाही पेपर आला. त्यांनी सशाच्या पिल्लांच्या पोटात जिवंत जंतूंऐवजी फोडलेल्या जंतूंचा अर्क घातला आणि पिल्लांना पटकीसारखे जुलाब झाले. दोन शहरांत एकाच वर्षी एकच उत्तर निघालं. डे यांचं नाव निदान आता थोडंफार घेतलं जातं. पानसे-कुलकर्णी आपल्याकडेही किती जणांना माहीत आहेत?

बोका_पंडित
मला नव्हते माहीत. आणि मी आडनावाने कुलकर्णीच आहे, लाज वाटतेय. 😅

मोगरा७
इतिहासवेडा, मस्त प्रतिसाद. पण विष आतड्यात नेमकं करतं काय? आतडं फाडतं का?

सूक्ष्मा
पटकीचं विष काही फाडत नाही, आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं. आतड्याच्या पेशीत एक स्विच असतो, चालू-बंद होणारा. हे विष तो चालू स्थितीत अडकवून ठेवतं. पेशी क्लोराइड बाहेर फेकत राहते आणि त्यामागून पाणी येतं. सूक्ष्मदर्शकाखाली आतडं जवळपास धडधाकट दिसतं आणि माणूस मात्र तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. भाताच्या पेजेसारखे जुलाब म्हणतात ते हेच. ताप नाही, रक्त नाही. विष उतरवावं लागत नाही, ती पेशी चार-पाच दिवसांत आपोआप झडते आणि नवी येते. तोवर माणसाच्या अंगात पाणी टिकवायचं, एवढंच काम.

आणि इथे निसर्गाने एक फट ठेवलीय. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारा जो दरवाजा पेशीत असतो, त्याला हे विष हात लावत नाही. त्यातून मीठ-साखर गेली की मागोमाग पाणी आत जातं. जलसंजीवनीचं सगळं गणित या एका दरवाजावर उभं आहे. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरच पाणी. "जरा गोड लागू दे" म्हणून साखर वाढवली की उलटं आतड्यातच पाणी ओढलं जातं.

इतिहासवेडा
१९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-ग्लुकोजची पुडकी बांधून पिंपात पाणी कालवलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. डॉक्टर-नर्स नव्हे, घरच्या माणसांनी पाजलं. तीसच्या घरातलं मृत्यूंचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. मृत्यूनंतर २०२३ मध्ये पद्मविभूषण मिळालं त्यांना. बास, आता गप्प बसतो.

तिरकस
सगळं छान, पण पटकीवरून रानजाईच्या बाबांना काय उपयोग? सी. डिफचं विष पण तसंच स्विचवालं का?

सूक्ष्मा
नाही, आणि हा फरक कळायलाच हवा. बरं झालं ओढून आणलंत.

सी. डिफची मुख्य विषं दोन, ए आणि बी. त्यातलं बी जास्त घातक. ती पेशीच्या आतल्या सांगाड्यावर घाव घालतात. आढं काढून घेतलेल्या घरासारखी पेशी कोसळते, एकमेकींना धरून असलेल्या पेशी सुट्या होतात, मोठ्या आतड्याला सूज येते आणि वर पांढरट-पिवळे पापुद्रे धरतात. म्हणून इथे ताप, कळा, पांढऱ्या पेशी वाढणं, हे सगळं दिसतं. जलसंजीवनी इथेही द्यायचीच, पाणी तर जातंच आहे. पण ती फक्त तग धरायला. जंतूवर वेगळं औषध लागतं.

काही वाण तर जास्तच तिखट. २००२ नंतर कॅनडात क्वेबेकच्या रुग्णालयांमध्ये जो वाण पसरला, ०२७ नावाचा, त्यात विषाला लगाम घालणारं जनुक बिघडलेलं होतं, वर एक तिसरं विषही होतं. शिवाय सर्रास वापरल्या जाणाऱ्या फ्लुरोक्विनोलोन अँटिबायोटिक्सना तो दाद देत नव्हता. म्हाताऱ्या माणसांत पुष्कळ मृत्यू झाले.

रानजाई
सकाळची खबर. पीसीआर पॉझिटिव्ह. पांढऱ्या पेशी अठरा हजार. डॉक्टर म्हणाले, टॉक्सिनची तपासणी निगेटिव्ह असली तरी मी हा आजार धरूनच चालणार. व्हॅन्कोमायसिन चालू केलंय, तोंडाने, दिवसातून चार वेळा, दहा दिवस. माझा भाऊ हटून बसला होता की इंजेक्शन जास्त जोरदार, तेच द्या. आणि अँटिबायोटिकनेच झालेल्या रोगाला पुन्हा अँटिबायोटिक? हे आगीने आग विझवण्यासारखं नाही का?

वैद्य_नसलेला
भावाला सांगा, इथे इंजेक्शन कुचकामी. व्हॅन्कोमायसिन शिरेतून दिलं तर आतड्याच्या पोकळीत पोचतच नाही. तोंडाने घेतलं तर रक्तात जवळजवळ जात नाही, सगळं आतड्यात राहतं. एरवी त्या औषधाचा हा दोष, इथे तोच गुण. (हॉस्पिटल फार्मसीत नोकरी करतो, म्हणून ठाऊक.)

सूक्ष्मा
+१. आगीबद्दल: मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतूंची दाटी असते आणि त्या दाटीत सी. डिफला पाय ठेवायला जागा मिळत नाही. न्यूमोनियाच्या औषधाने छातीतल्या जंतूंबरोबर ही दाटीही विरळ केली. सी. डिफ मात्र बीजाणूंच्या कवचात बसून राहिला आणि रान मोकळं झाल्यावर उगवला. आताचं औषध उगवलेल्याला कापतं. बीजाणू शिल्लक राहतातच, म्हणून साधारण पाचातल्या एकाला हा आजार उलटतो. जुलाब परत सुरू झाले तर वाट बघत बसू नका.

बोका_पंडित
मग दाटी परत आणायची सोय नाही का? म्हणजे दुसऱ्याची... कुठेतरी वाचलं होतं, पण इथे लिहायला संकोच वाटतोय.

सूक्ष्मा
संकोच कसला. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडतात. वारंवार उलटणाऱ्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये केलेला प्रयोग २०१३ मध्ये छापून आला. १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले. नुसत्या व्हॅन्कोमायसिनवर १३ पैकी ४. फरक इतका ठळक होता की प्रयोग मध्येच थांबवला. अमेरिकेत आता त्याच्या कॅप्सूलही मान्य झाल्यात. पण हे पुन्हा पुन्हा होणाऱ्यांसाठी, पहिल्याच फेरीत नाही. आणि घरगुती प्रयोग तर मुळीच नाही, बोकोबा!

बोका_पंडित
😂 शपथ घेतो.

मोगरा७
थोडी घाबरले आहे. मग जुलाब झाले की सरळ एखादं अँटिबायोटिक घेणं चुकीचं का? आमच्याकडे तर सगळे घेतात.

सूक्ष्मा
जुलाबात रक्त असेल तर विशेषच चुकीचं, जंतू कोणता ते कळेपर्यंत तरी. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात आहे, बिचारा काही करत नाही. पण ओ१५७ सारख्या वाणात शिगा टॉक्सिन असतं, आणि तेही फाजनेच आणलेलं. जंतूवर संकट आलं की हा फाज जागा होतो, भराभर वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. सोबत विषही. काही अँटिबायोटिक्स नेमकं हेच संकट उभं करतात. विष रक्तातून मूत्रपिंडात पोचतं, तांबड्या पेशी फुटतात, लघवी बंद होते. लहान मुलांत जास्त. आणि हे जुलाब सुरू झाल्यावर आठवड्याभराने होतं, अगदी "आता पोट सुधारलं" म्हणताना. मूल पांढरंफटक दिसायला लागलं, लघवी कमी झाली, की पळत जायचं.

२०११ मध्ये जर्मनीत तर कमालच झाली. ओ१०४ हा आतड्याला घट्ट चिकटून बसणारा वाण, त्याने कधीतरी शिगा टॉक्सिनचा फाज उचलला. चिकटपणा एकाचा, विष दुसऱ्याचं. ३,८०० च्या आसपास आजारी, साडेआठशेवर लोकांची मूत्रपिंडं बिघडली, पन्नासहून जास्त मृत्यू. आणि एरवी मुलांना गाठणारा हा प्रकार तिथे मोठ्या बायकांना जास्त झाला. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ घेतला, शेतकरी हकनाक बुडाले. शेवटी निघाले मोड आलेले मेथीदाणे.

शंकेखोर
म्हणजे पटकीत पाणी द्या, ओ१५७ मध्ये अँटिबायोटिक टाळा, सी. डिफमध्ये एक अँटिबायोटिक थांबवून दुसरं सुरू करा. बाहेरून सगळे 'जुलाब'. कमाल आहे.

रानजाई
बाळाचं कुणी सांगितलं नाही. आणि हात सॅनिटायझरने धुतोय आम्ही, बाटल्याच्या बाटल्या संपताहेत.

दवबिंदू
सॅनिटायझरचा उपयोग नाही! आम्हाला हेच बजावलं होतं. साबण आणि वाहतं पाणी.

सूक्ष्मा
दवबिंदू बरोबर. अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. साबण-पाण्यानेही मरत नाहीत, पण हातावरून वाहून जातात. कमोड, नळ, दाराची कडी यांवर क्लोरीनचं द्रावण. जमलं तर बाबांसाठी वेगळं बाथरूम.

बाळाची काळजी त्या मानाने कमी करा. हा जंतू पहिल्यांदा १९३५ मध्ये सापडला तोच निरोगी नवजात बाळांच्या शौचात. वाढवायला अवघड, म्हणून नाव 'डिफिसिल'. पुष्कळ तान्ह्या बाळांच्या आतड्यात विषारी वाणसुद्धा सुखाने नांदतो आणि त्यांना काही होत नाही. त्याचा आजाराशी संबंध कळायला १९७८ उजाडलं. बाळाला हात लावण्याआधी हात धुवा, बाकी नेहमीसारखं.

रानजाई
बारा दिवसांनी येतेय, उशिराबद्दल क्षमस्व. चौथ्या दिवसापासून उतार पडला, कोर्स परवा संपला. आता दिवसातून दोनदा, बांधलेलं. वजन मात्र पाच किलो उतरलंय. बाबा धागा वाचतात, त्यांनी विचारलंय की विष गेलं की नाही हे बघायला पुन्हा तपासणी करावी का?

सूक्ष्मा
नको. बरं झाल्यावरही कितीतरी आठवडे तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग उगाच पुन्हा औषध सुरू होतं. बांधलेल्या शौचाचा नमुना आला तर आम्ही लॅबवाले तो परत पाठवतो. पुढचे दोन महिने जुलाबांवर लक्ष ठेवा, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी दाताच्या, तरी हा आजार झाला होता हे आधी सांगा. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळीचाही या आजाराशी संबंध दिसतो, तेव्हा ती चालू असेल तर खरंच लागते का, तेही विचारून घ्या.

रानजाई
गोळी चालू आहे, अकरा वर्षं. कशासाठी सुरू केली होती ते घरात कुणालाच आठवत नाहीये. उद्या विचारते. बाबा म्हणताहेत, पानसे आणि कुलकर्णींचा तो पेपर कुठे वाचायला मिळेल?

इतिहासवेडा
बाबांना नमस्कार सांगा. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करतो.